नव्वद घरं

नसीम मॅडम खुर्चीत बसून शिकवायच्या. आमच्या कॉलेजात हे चालत नसे. प्राचार्य व्हरांड्यातून फेरी मारताना कुणी शिक्षक बसलेला दिसला की दारात थांबून घसा खाकरत. बाकीचे सर चटकन उठून फळ्याकडे वळत. मॅडम उठत नसत. बीडहून एसटीत उभ्यानं यायचं, फाट्यावर उतरून अर्धा तास चालायचं, आणि लगेच पहिला तास. त्या चपला काढून टेबलाखाली सरकवत, एका पायानं दुसरा पाय दाबत आणि म्हणत, "पाय थकलेत, डोकं न्हाई थकलं. लिहा."

आमची पदवी कृषी आणि ग्राहक अर्थशास्त्राची. माजलगावजवळच्या आमच्या गावात हे नाव कुणाला धड घेताही येत नसे. "म्हंजे बँकेत लागती का?" असं काकू विचारायची आणि मी हो म्हणून मोकळी व्हायचे. खरं तर दुसरीकडं कुठं माझा नंबर लागला नव्हता. हजेरीपटावर बत्तीस नावं होती, बाकांवर आम्ही दहा जण. त्या दहांतले दोघे स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मांडीवर ठेवून बसायचे.

मॅडम व्याख्या पुस्तकी भाषेत, एका सुरात सांगायच्या. ती संपली की वह्या मिटायला लावायच्या. "हे परीक्षेपुरतं. आता खरं बोलू." मग त्यांची बीडची बोली सुरू व्हायची. वडिलांचा फळांचा गाळा होता, पुढे तो भाऊ चालवत होता. मागणीचा नियम त्या तिथूनच समजावून सांगत. "मोसंबी महागली की घरातलं मोसंबी खाणं लगेच थांबत न्हाई. आधी एकाच्या वाट्याची बंद होती. कुणाच्या, ते पुस्तकात न्हाई लिहिलेलं."

बारा वर्षं त्या तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. म्हणजे जूनमध्ये कॉलेजचं पत्र आलं तर त्या वर्षी शिक्षिका, नाही आलं तर घरी. दर उन्हाळ्यात त्यांचा चेहरा ओढलेला असायचा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "काय न्हाई बेटा, ऊन लई हाय."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी पाहणी घ्यायला लावली. दोनशे घरांत जाऊन विचारायचं, महिन्याला काय विकत आणता, काय खाता. लिंबागणेश आणि आसपासची गावं ठरली. मी आणि सुषमा, माझी खोलीतली जोडीदारीण, आम्हा दोघींच्या वाट्याला पहिल्या दिवशी वीस घरं आली. सात घरं होईपर्यंत आमची टाळू तापली. तहान, कुत्री, "पुन्हा या" म्हणून मिटलेली दारं. आम्ही देवळाच्या सावलीला बसलो आणि उरलेले तेरा फॉर्म स्वतःच भरून टाकले. अक्षर वेगळं दिसावं म्हणून पेनं आलटून पालटून घेतली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते फॉर्म एकेक करून वाचले. मग चष्मा काढला.

"या तेरा घरांत कुणीच अडखळलं न्हाई. एकीनंबी 'त्यांना विचारून सांगते' म्हणलं न्हाई. कुठं खाडाखोड न्हाई. कुठली गल्ली हाय ही? मला राहायला जायचंय तिथं."

वर्ग हसला. सुषमा रडायला लागली. मॅडम रागावल्या नाहीत, बहुतेक त्यांच्यात तेवढं त्राणच नव्हतं. "रविवारी मी येते संगं," एवढंच म्हणाल्या.

रविवारी त्या खरंच आल्या. पाय सुजलेले होते. पहिल्याच घरी उंबऱ्यापाशी तिशीतली एक बाई मेथी निवडत बसली होती, मागे ओसरीवर तिची सासू. मी फॉर्म काढला. तूरडाळ महिन्याला किती?

"लिवा चार किलो," बाई म्हणाली. "समदेच खातेत."

मी लिहिलं आणि उठायला लागले. मॅडम मात्र पायरीवर बसल्या आणि मेथीची एक जुडी स्वतःकडे ओढून निवडायला लागल्या. काही विचारलं नाही. मी आणि सुषमा उन्हात उभ्या. बऱ्याच वेळानं सासू शेळी बघायला परसात गेली. तेव्हा ती बाई मेथीकडेच बघत हळू आवाजात म्हणाली, "डाळ असती. माझ्यापातूर येईस्तवर पाणी असतंय."

मॅडमनी मान हलवली. माझ्या हातातून फॉर्म घेतला. हे लिहायला त्यात रकाना नव्हता. त्यांनी समासात लिहिलं, 'सून शेवटी जेवते. डाळ उरत नाही.'

परतताना एसटीत बसायला जागा मिळाली नाही. दांड्याला धरून उभ्या असताना त्या म्हणाल्या, "आपल्या फॉर्मवर कुटुंब लिहिलंय. कुटुंब काय एक माणूस हाय का बेटा? एका तोंडानं जेवतंय का ते?"

त्यानंतर आम्ही नीट फिरलो. नीट फिरायचं म्हणजे दिवसाला दोन घरं, फार तर तीन. बसावं लागायचं, शेंगा सोलाव्या लागायच्या, पोर मांडीवर घ्यावं लागायचं. पेपर झाले तरी आम्ही फिरत होतो. मे महिन्यापर्यंत सगळ्या वर्गाची मिळून नव्वद घरं झाली. नव्वद समास भरले.

तेवढ्यात बातमी आली की पुढच्या वर्षी विद्यापीठाची तपासणी समिती येणार. मी फॉर्मचे गठ्ठे घेऊन मॅडमच्या मागे प्राचार्यांच्या खोलीत गेले होते, म्हणून तिथलं बोलणं माझ्या कानांवर पडलं.

"मॅडम, मंजुरी दोनशे घरांची आहे. दोनशे दाखवा."

"नव्वद झालेत सर."

"मग काय झालं? सरासरी तर तीच येणार."

"तीच येणार असंल तर नव्वदच छापा की."

"मुलांच्या वर्षाचा प्रश्न आहे. अभ्यासक्रम बंद पडला तर काय करणार तुम्ही?"

यावर मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "घरं कमी का झाली ते मी लिहून देते. पण जिथं गेलोच न्हाई, त्या घरावर सही न्हाई करणार."

जूनमध्ये त्यांना पत्र आलं नाही. काढून टाकलं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. आम्ही चौघंजण प्राचार्यांना भेटायला गेलो. त्यांनी चहा मागवला, अभ्यासाकडे लक्ष द्या म्हणाले. आम्ही चहा पिऊन परत आलो.

तिसऱ्या वर्षी नवे सर आले. दिवाळीनंतर त्यांनी दहा जणांना अकरा-अकरा कोरे फॉर्म वाटले. "समितीच्या आधी पाहिजेत." कुणी काही विचारलं नाही. सुषमा आणि मी वसतिगृहाच्या खाटेवर समोरासमोर बसून एका दुपारी ते भरले. या वेळी मुद्दाम खाडाखोड केली. ते कसं करायचं ते मॅडमनीच शिकवलं होतं. खाली सह्या केल्या. समिती आली, जेवली, गेली. आम्हाला पदवी मिळाली.

आता मी त्याच कामात आहे. एका संस्थेसाठी टॅब घेऊन दारोदार फिरते, दिवसाला दहा घरं. टॅबला समास नसतो. उत्तर भरल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही. अशीच कामाला बीडला गेले असताना गेल्या वर्षी मॅडम दिसल्या. भावाच्या गाळ्यावर डाळिंबं पुसत होत्या. केस पुष्कळ पिकले होते. त्यांनी मला नावानं हाक मारली, बसायला पालथं क्रेट दिलं, आईची चौकशी केली.

मला फार वेळ मनात ठेवता आलं नाही. म्हणाले, "मॅडम, त्या दोनशेच्या अहवालात माझी अकरा घरं हायेत. खाटेवर बसून भरलेली."

"माहीत हाय. वाचलाय मी त्यो." हातातलं फडकं थांबलं नाही. पुढचं डाळिंब उचलत त्यांनी विचारलं, "त्या अकरा घरांतल्या सुनांना काय खायला घातलंस?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"डाळ, मॅडम. सगळ्यांना पुरंल एवढी."

"हां. बाकीच्यांनीबी तेच केलंय." त्यांनी डाळिंब रांगेत लावलं. "पोटभर जेवल्या समद्या. मग आता त्यांच्या दारात कुणी कशाला जाईल, बेटा?"

गिऱ्हाईक आलं, तशा त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मी सॅक उचलली. त्या दिवसाची आठ घरं अजून बाकी होती.

संध्याकाळपर्यंत त्यातली तीनच झाली.