खाडीवरून मोजलेलं अंतर

रत्नागिरीत तीस वर्षं पत्रकारी केली की किस्से शोधावे लागत नाहीत. सरकारी टेबलांवरून ते आपणहून अंगावर येतात. हे सगळे एकाच बटणाचे.

*

खाडीपलीकडच्या एका गावाने आरोग्य उपकेंद्र मागितलं. आरोग्य खात्याच्या साहेबांचा शेरा: ‘जवळचा दवाखाना दोन किमी. गरज नाही.’ मधे अख्खी खाडी! गेल्या पावसाळ्यात होडी बंद होती, म्हणून सरपंच रेखाताईंची नणंद रस्त्याने निघाली आणि रिक्षातच बाळंत झाली.

बातम्या छापूनही साहेब ढिम्म. आमच्या ऑफिसात पानं लावणारा नंदू पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेला. म्हणाला, “दादा, नकाशाच्या सॉफ्टवेअरला प्लगइन, म्हणजे आपलं एक जादा बटण, जोडू. पंचवीस-तीस ओळींचं काम. गावावर क्लिक केलं की दवाखान्याचं अंतर!”

*

पहिल्या दिवशी बटण दिसलं. दाबलं. काहीच नाही!

“बटण बसवलं, पण मागे फंक्शन जोडायचं राहिलं,” नंदू म्हणाला.

“राहू दे. थेट खात्यात नोकरी लागेल त्याला!”

*

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ०.०२.

“मीटरऐवजी अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मोजलंय,” नंदू ओशाळला.

“आधी पुसून टाक! साहेब म्हणतील, गाव दवाखान्यातच आहे!”

*

दुरुस्तीनंतर आलं २.१ किमी. म्हणजे साहेबांचाच आकडा! सरळ रेषेत, खाडीच्या पाण्यावरून. रेखाताई मुद्दाम बघायला आल्या होत्या.

“काय हो भाऊ, तुमच्या बटणाला पोहता येतं वाटतं?”

नंदूने रस्त्यांचा नकाशा जोडला. अंतर निघालं चौतीस किमी.

*

लॅपटॉप घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी स्वतः तीनदा क्लिक केलं. तिन्ही वेळा चौतीस.

“छान आहे. पण नियमात ‘अंतर’ म्हटलंय, ‘रस्त्याने’ म्हटलेलं नाही.”

“पेशंट काय कावळा आहे, साहेब?”

“पत्रकारांनी भाषा सांभाळावी!”

रेखाताई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, एकदा दवाखान्यापासनं निघून आमच्याकडे येऊन तर बघा.”

*

आले की! दवाखान्यातून निघाले, जीपने. गावात उतरताना कंबर धरून म्हणाले, “केवढं लांब आहे हो हे!” रेखाताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

पुढे माहिती अधिकारात मला दोन कागद मिळाले. एक पाहणी अहवाल: ‘दवाखाना दोन किमी. गरज नाही.’

दुसरा जीपच्या लॉगबुकाचा: ‘दवाखाना ते गाव, चौतीस किमी.’

तारीख एकच. सही एकच.