कानपिळीची कॅसेट

ताईच्या लग्नाच्या दिवशी, तिची पाठवणी व्हायच्या आधीच, मी नांदगाव खंडेश्वरच्या स्टँडवरून बडनेऱ्याची एसटी धरली. अंगावर लग्नासाठी शिवलेला शर्ट होता आणि खांद्यावर झेंडूचा वास लागलेली पिशवी. आमच्या मळ्यातली फुलं सकाळी मीच मांडवात वाहिली होती. मला पोचवायला कोणी आलं नाही. येणार कसं, मी कोणाला सांगितलंच नव्हतं. तरी कोणीतरी येईल म्हणून मी एक गाडी सोडली, हेही खरं.

रागाचं कारण कानपिळी. लग्नाचे विधी होत आले की नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट वागवायला बजावायचं आणि त्याच्याकडून कापड घ्यायचं. ताईला सख्खा भाऊ मी एकटा. बँडवाल्याने ठरल्यापेक्षा दोन माणसं कमी आणली होती, म्हणून पाच मिनिटं त्याच्याकडे गेलो. परत आलो तर नवरदेवाचा कान चुलतभाऊ मनोहरच्या हातात. सकाळी मी नवऱ्या मुलाच्या मामाशी मानपानावरून भांडलो होतो, त्याचीच ही शिक्षा, असं मी धरून चाललो. मला पाहून बाबा एवढंच म्हणाले, "तू देवासंगई भाव करत बसशीन."

बडनेऱ्याहून रेल्वेने सुरत गाठली. तिथे पहिली दोन वर्षं पोती उचलली, मग लिंबाचा धंदा मांडला. आज गाळा स्वतःचा आहे. घरात मुलं "पप्पा, चालो जमवा" म्हणून जेवायला बोलावतात, व्यवहारही मी गुजरातीतूनच करतो. भांडण तेवढं अजून वऱ्हाडीत होतं. चिडलो की तोंडातून "काहून बे" निघतं आणि समोरचा शेठ जरा मागे सरकतो.

गावी जायचो, पण पाहुण्यासारखा. दोन रात्री, तिसरी नाही. लग्नाची कॅसेट एकदाच पाहिली. तिच्यात बाबा हात हलवून भटजींना काही सांगतात, वर नुसती सनई वाजते आणि लगेच मनोहर पुढे येतो. बाबा घाई करत होते, हे मला तेवढ्यावरून पक्कं झालं. बाबा गेले, तेरवी झाली आणि तिच्या तिसऱ्या दिवशी मी सुरतेत दुकान उघडलं. त्यांना विचारायचं राहून गेलं.

माय आता अकोल्यात ताईकडे असते. यंदा म्हणाली, "मले एकडाव तुह्या बाबाले चालतानी पाहू दे रे. फोटोत नुसते उभे हायेत." कॅसेट लावायचं यंत्र कोणाकडेच उरलं नव्हतं, तिच्याजवळ होता तो डीव्हीडी प्लेअर. म्हणून मी कॅसेट घेऊन जठारपेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. माझ्या मनात मात्र दुसरंच होतं. बाबांनी मला मुद्दाम डावललं, याचा मला पुरावा पाहिजे होता.

दुकानदार काकांनी कॅसेट उघडून फितीवरची बुरशी पुसली आणि दोन दिवसांनी डिस्क दिली. दुकानात ती झकास चालली. घरी लावली तर पडद्यावर "नो डिस्क". माय चष्मा पुसून तयार बसली होती. मी तसाच दुकानावर गेलो आणि रस्त्यावरची माणसं वळून पाहतील एवढा बोललो.

काका शांतपणे म्हणाले, "पोत्याचं तोंड शिवल्याबिगर तुमी माल गाडीत टाकता का जी? डिस्कचंई तसंच हाय. ते शेवटचं बंद करणं राहून गेलं माह्याकडून. म्हणून ती माह्याच मशीनवर चालते."

उदाहरण माझ्याच धंद्यातलं निघालं. मी डिस्क त्यांच्यापुढे ठेवली.

"आता नवीनच करून देतो," ते म्हणाले. "सनई ठेवू का लग्नातला आवाज देऊ?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं: अशा कॅसेटवर आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. व्हिडिओवाल्याने सनई मागून एका पट्टीवर भरली होती. मांडवातला आवाज दुसरीवर तसाच राहिला होता. त्यांनी एक बटण दाबलं. सनई गेली आणि भांड्यांचा, पोरांचा, आमच्या मांडवाचा गलका आला.

त्यात बाबा बोलले. "थांबा जी म्हाराज. गजू येऊन राहिला."

कोणी म्हणालं, "मनोहर हाय ना."

"मनोहर हाय. पण सख्खा भाऊ गजू हाय." मग बाबा चित्रातून बाहेर गेले. भटजी दोनदा खाकरले. बाबा परत आले ते हसत. "त्याचा बँडवाल्यासंगचा भाव काई तुटत नाई. मनोहर, ये तू. पण नुसता हात लाव. पिळाचं गजूसाठी राहू दे."

तो हलणारा हात घाईचा नव्हता. ते थांबवत होते. मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिलो. काकांनी पंखा माझ्याकडे वळवला आणि दुसरं काम घेतलं.

घरी नवी डिस्क लागली. माय बाबांना चालताना पाहत होती आणि मी भाऊजींकडे, कॅसेटमधल्या त्या नवरदेवाकडे. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मी तं पाटावरच बसलो होतो," भाऊजी म्हणाले. "सांगाले गेलं का तू भांडाले उठे. मंग कोन सांगते बाप्पा?"

गावात राहिलेले आणि माझ्यासारखे निघून गेलेले, दोघांनाही एवढंच सांगतो: मला वाटायचं, घर म्हणजे जिथे माझी वाट न पाहता कार्य उरकलं ती जागा. प्रत्यक्षात तिथे माझ्यासाठी भटजींना थांबवून ठेवलं होतं आणि मी बाहेर दोन वाजंत्र्यांसाठी भांडत होतो. यात माझीच चूक निघाली, तरी इतकं हलकं मला सुरतेतला गाळा झाला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मायने डिस्क मागे घ्यायला लावली. बाबा पुन्हा "पिळाचं गजूसाठी राहू दे" म्हणाले, तेव्हा भाऊजींनी टोपी काढली आणि पांढऱ्या केसांखालचा कान माझ्यापुढे केला.

"घे. लय वर्साचं राह्यलं हाये."

मी कान धरला. ताई म्हणाली, "जोरानं पिळ."

ती माझी तिसरी रात्र होती. तिकीट मी पुढच्या आठवड्याचं काढलं.