मैदानावरचा फूड प्लाझा

सक्करदऱ्याच्या मागच्या वस्तीत जयवंता मेश्राम पोरींना कबड्डी शिकवायच्या. एकेकाळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या. गुडघा गेला तसं खेळणं सुटलं, मैदान काही सुटलं नाही. त्यांच्या हाताखालच्या कितीतरी पोरी पोलिसात लागल्या.

एक दिवस परिसराच्या फेसबुक ग्रुपवर महापालिकेच्या योजनेचं चित्र झळकलं. त्याच मैदानावर फूड प्लाझा, रंगीत कारंजं, सेल्फी पॉइंट. खाली वाहवा सुरू. जयवंताबाईंनी लिहिलं, "पोरी कुठं खेळतील? आमाले कोणी विचारलं काहून नाही?"

मग लोक सुटलेच. 'विकासाचे दुश्मन.' 'यांना फुकटची जागा पाहिजे.' एकानं तर लिहिलं, 'चारचौघांत पोरी नाचवता, लाज नाही वाटत?' बाई सगळं वाचत गेल्या. पण झोंबली ती वेगळीच कॉमेंट : 'मॅडम, काळाबरोबर चला. आमच्या फ्लॅटचे भाव वाढतील.' लिहिणारी श्वेता. शाळेपासून याच मैदानावर खेळलेली, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलेली.

पायात चप्पल अडकवून जयवंताबाई थेट तिच्या दारात.

"काहून वं, तुले नोकरी कारंज्यानं देल्ली का?"

"मॅडम, आत तर या. ग्रुपवर सगळेच लिहून राहिले..."

"बसायले नाही आली मी. जे लिहिलं ते माह्या तोंडावर म्हण."

"चहा टाकते," म्हणत श्वेता आत वळली. बाई दुखरा गुडघा ओढत जिना उतरल्या. घरी येऊन फोन पाहिला, तर ॲडमिननं त्यांना ग्रुपमधूनच काढून टाकलेलं.

त्याच आठवड्यात जेसीबी आला. बाईंनी त्याच्यासमोर चुन्यानं रेषा आखल्या, शिट्टी फुंकली आणि पोरींना मैदानात उतरवलं. पोरींपैकीच एक, मोनाली, तिनं मोबाइलवर लाइव्ह लावलं. 'नौटंकी,' ग्रुपवाल्यांनी लिहिलं. पण लाइव्ह पाहून पोरींच्या आया हातातली कामं टाकून धावत आल्या, जेसीबीला घेरून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

पुढं बैठका झाल्या, निवेदनं गेली. शेवटी निम्मं मैदान उरलं. कबड्डीपुरतं आहे; धावायला पोरी आता रस्त्यावर जातात, गाड्यांचे हॉर्न खात. बाकी निम्म्यावर प्लाझा उभा राहिला.

उद्घाटनाच्या दिवशी श्वेताचा मेसेज आला : 'अभिनंदन मॅडम, तुम्ही जिंकलात!'

"अर्धं गिळलं, अन् अभिनंदन म्हणते!" बाईंनी तिचा नंबर ब्लॉक केला आणि पोरींवर ओरडल्या, "पाहून काय राहिल्या वं? चला, लाइनीत!"