आप्पांचा टीव्ही आणि कन्सोलचा बाण

रविवार, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला. सकाळी साडेदहा. हजर: सासरे, नवरा, मुलगी, मी. स्थळ: जयपूर, सांगानेरच्या अलीकडचा आमचा भाड्याचा फ्लॅट, हॉल. विषय: मुलीचा नवा गेम कन्सोल आप्पांच्या जुन्या टीव्हीला लागतो का.

माझ्या वहीत त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. मी एका विमा कंपनीत दावे तपासते. कोण हजर होतं ते आधी लिहायचं, मग गोष्ट ऐकायची, आणि सांगणारा काय गाळतोय इकडे लक्ष ठेवायचं. ही सवय संध्याकाळी ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. घरच्यांची याबद्दल तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

टीव्ही आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ते रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. भुसावळला निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हा एकवीस इंची डबा घेतला, मागे भलंमोठं कुबड असलेला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले ते टीव्ही घेऊनच. नवराही रेल्वेच्या ऑफिसात, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. दर बदलीत टीव्ही रजईत गुंडाळून ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढतो आणि सगळ्यांत आधी उतरतो. जयपूरला आलो तेव्हाही सामान लावायच्या आधी आप्पांनी तो लावून घेतला होता.

मुलगी तेवीस वर्षांची. जयपुरातच झालान्याला एका ऑफिसात नोकरी करते. दिवाळीत तिने स्वतःच्या पगारातून गेम कन्सोल आणला. म्हणाली, आजोबा दिवसभर एकटे असतात, संध्याकाळी त्यांच्याबरोबर क्रिकेट खेळीन. मला हे पटलं नाही. ज्या घरात पातळ टीव्ही नाही तिथे कुणी असा कन्सोल आणतं का? माझा अंदाज असा की कन्सोल हे निमित्त आणि भिंतीवरचा मोठा टीव्ही हा डाव. नवराही त्यात सामील असावा, कारण त्याच्या फोनवर आठवडाभर टीव्हीच्याच जाहिराती येत होत्या. जाहिराती आपण काय शोधतो त्यावरून येतात, एवढं मला कळतं.

मग त्याने जेवताना जाहीर केलं की पुढच्या रविवारपर्यंत कन्सोल जुन्या टीव्हीला लागला तर ठीक, नाहीतर हा एक्स्चेंजमध्ये देऊन नवा आणायचा. आप्पा वरणभात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, “टीव्ही जाणार असेल तर माझंही भुसावळचं तिकीट काढ.”

नवरा हसला. मी हसले नाही. भुसावळचं घर चार वर्षं बंद आहे, दुसऱ्या मजल्यावर, शेजारी कुणी ओळखीचं उरलेलं नाही. आप्पा एक्याऐंशी वर्षांचे. आणि ते उगाच बोलत नाहीत. टीव्हीसाठी कुणी घर सोडत नाही, तेव्हा यामागे दुसरं काहीतरी आहे, असं मी त्याच रात्री वहीत लिहिलं. संशय मला त्यांच्या धाकट्या भावावर होता. भावाचे फोन वाढले होते, आणि घर विकायचं म्हणून ते आप्पांना तिकडे बोलावून घेतायत की काय, असं मला वाटत होतं.

म्हणून टीव्ही वाचवणं मी अंगावर घेतलं. अडचण साधी होती. कन्सोलमधून निघते एक चपटी केबल, एचडीएमआय. आप्पांच्या टीव्हीला मागे दोन गोल भोकं, चित्राचं पिवळं आणि आवाजाचं पांढरं. दोन्हींच्या मध्ये एक कन्व्हर्टर लागतो, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा. चारशेच्या आत मिळतो, हे मुलीनेच सांगितलं, पण तोंड वाकडं करून. काय कशाला जोडायचंय त्याची मी चिठ्ठी केली आणि शनिवारी ऑफिस सुटल्यावर बाजारात, एम. आय. रोडच्या मागच्या गल्लीतून, कन्व्हर्टर घेऊन आले.

घरी आल्यावर सगळं जोडलं. केबल बसली, पिना बसल्या, डब्यावरचा लाल दिवा लागला. टीव्हीवर निळा पडदा, कोपऱ्यात दोन अक्षरं, बस. मुलीने केबल काढून फुंकर मारून परत लावली. तरी निळाच.

“मतलब, मी सांगितलंच होतं,” ती म्हणाली. “हा टीव्ही एंटीक आहे, आई.”

तिच्या आवाजात मला समाधान ऐकू आलं. तिने केबल मुद्दाम नीट बसवली नाही, असं मला वाटलं, आणि ती अंघोळीला गेल्यावर मी सगळं काढून स्वतः पुन्हा जोडलं. निळाच पडदा. आप्पा खुर्चीत बसून होते. त्यांनी विचारलं, “लागलं का?” समोर निळा पडदा दिसत असताना हे विचारायची काय गरज, असं मनात आलं. पण टोमणा असेल म्हणून सोडून दिलं.

मुलगी नाही, तर दुकानदार. बंद पडलेला माल गळ्यात मारला असणार. बुधवारी मी अर्धी रजा टाकून परत गेले. डबा, बिल आणि बिलाला टाचलेली माझी चिठ्ठी, पुरावा म्हणून. दुकानदार म्हणाला बसा, चहा मागवतो. चहा पाजून विषय बदलणारे मी ऑफिसात रोज बघते, म्हणून मी उभीच राहिले आणि फसवणुकीवर दोन-चार वाक्यं ऐकवली. त्याने शांतपणे चिठ्ठी सुटी केली, काउंटरवर माझ्याकडे वळवून ठेवली आणि तिच्यावर बोट टेकवलं.

“मॅडम, तीर किधर जा रहा है?”

मी लिहिलं होतं: टीव्ही, मग बाण, मग कन्सोल. बाणाची शेपटी टीव्हीकडे, टोक कन्सोलकडे. त्याने बाणाप्रमाणे माल दिला होता, जुन्या यंत्रातलं चित्र नव्या यंत्राकडे नेणारा. मला हवा होता उलटा. दोन्ही डबे दिसायला सारखे, भोकंही तीच, म्हणून सगळं नीट बसलं आणि दिवाही लागला. फक्त चित्र नको त्या दिशेला जात होतं.

ही चूक बदलीवाल्यांच्या घरातच होऊ शकते. वीस वर्षं मी प्रत्येक खोक्यावर असेच बाण काढत आले. भुसावळ, बाण, नागपूर. नागपूर, बाण, जयपूर. जुनं आधी, नवं नंतर, आणि सामान नेहमी जुन्याकडून नव्याकडे. नव्याने जुन्याकडे काही पाठवायचं असतं, हे हाताला माहीतच नव्हतं.

दुकानदाराने एक पैसा जास्त न घेता डबा बदलून दिला. यात त्याचा काय फायदा, हे मी बसमध्ये सांगानेर येईपर्यंत शोधत होते. सापडला नाही. मुलीला मी सॉरी म्हटलं नाही, पण रात्री तिला आवडते तशी भाकरी केली. ती म्हणाली, “दुकानवाल्या भैयांना पण डब्यात दे थोडी.”

तर तो रविवार. नवा डबा जोडला. टीव्हीला त्या गोल भोकांमधलं चित्र दाखवायला रिमोटवरचं एक बटण दाबावं लागतं. रिमोटवरची अक्षरं कधीच पुसली गेली आहेत. मी चष्मा शोधत होते तेवढ्यात आप्पांनी रिमोट घेतला, अंगठा खालून वर सरकवला, दोन ओळी मोजल्या आणि बटण दाबलं. नवरा म्हणाला, “बघा, ड्रायव्हरचा हात.”

आणि चित्र आलं. मैदान, खेळाडू, मागे प्रेक्षक. थोडं पुसट, कडा कापलेल्या, खालची बारीक अक्षरं वाचता येत नव्हती. पण आलं. फक्त सगळं काळंपांढरं. मुलगी ओठ चावत डबा उलटसुलट करायला लागली. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू हे लागलं म्हणता येणार नाही. मी उत्तर जुळवत होते.

तेवढ्यात आप्पा खुर्चीतून म्हणाले, “वा. मैदान काय हिरवंगार आलंय.”

मुलगी हसणार होती, मी तिला डोळ्यांनी थांबवलं. तिला डब्याच्या कडेला नखाएवढं बटण सापडलं. आपल्याकडच्या टीव्हीसाठी ते दुसऱ्या बाजूला सरकवायचं असतं. तिने सरकवलं. पडदा एकदा हलला आणि मैदान खरंच हिरवं झालं.

मी विचारलं, “आप्पा, आता कसं दिसतंय?”

“मघासारखंच. झकास.”

दावा खोटा असल्याचं कळतं तेव्हा ऑफिसात मला बरं वाटतं. त्या दिवशी बरं वाटलं नाही. माझ्या वहीत सगळ्यांची नावं होती, मुलगी, नवरा, दुकानदार, चुलत सासरे. आणि ज्यांच्याकडे खरंच लपवण्यासारखं होतं त्यांच्याशी मी रोज दोन वेळा चहा घेत होते. ते मुलीकडून मराठी मासिकं मोठ्याने वाचून घेतात, तिचं वाचन अडखळतं म्हणून, असं आम्ही समजायचो. भाजी निवडायला ते हल्ली नाही म्हणायचे, तर मी रागाने गप्प बसायचे. हे सगळं माझ्यासमोर घडत होतं.

मुलगी आणि नवरा खेळायला लागले. मी आप्पांना म्हटलं, बाल्कनीत येता का, ऊन चांगलं आहे. ते आले, दाराची चौकट हाताने चाचपून. हेही मी पूर्वी पाहिलं होतं आणि वयावर ढकललं होतं. मी आडवळण घेतलं नाही.

“किती दिसतं, आप्पा?”

ते रस्त्याकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, “उजव्याने उजेड कळतो. डाव्याने माणूस आहे एवढं कळतं. कोण, ते आवाजावरून.”

“कधीपासून?”

“जयपूरला आलो त्याच्या आधीपासून. टीव्हीचं काय, बटणं पाठ आहेत. मोजून दाबतो, बातम्या ऐकतो, कुणाला हाक मारावी लागत नाही. नवा आणलात की प्रत्येक वेळी हाक मारा, हे लावा, ते लावा. मग कळणारच ना तुम्हाला. त्यापेक्षा भुसावळ बरं. तिथे जिन्याच्या पायऱ्यासुद्धा पाठ आहेत.”

मी म्हटलं, सांगायचं होतं, मोतीबिंदू असेल, आजकाल सकाळी ऑपरेशन केलं की संध्याकाळी घरी. ते मान हलवत होते. नोकरीत दर काही वर्षांनी डोळ्यांची तपासणी व्हायची. त्यांच्या बरोबरीचा एकजण त्यात नापास झाला. इंजिनावरून उतरवून त्याला टेबलावर बसवला, रजिस्टरवर शिक्के मारायला. आप्पा तपासणीच्या आधी महिनाभर रोज सकाळी दूरच्या पाट्या वाचून बघायचे. हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं.

“पण आता तुम्हाला नापास कोण करणार?” मी म्हटलं.

“तू,” ते म्हणाले. “तू यादी करशील. जिना नको, गॅस नको, एकट्याने बाहेर नको. चुकीचं नसेल त्यातलं काही. पण मग मी टेबलावरच बसलो ना, सांग.”

ते बोलत असताना ती यादी माझ्या डोक्यात तयार झाली होती. त्यांनी म्हटली त्याच क्रमाने, पुढे आणखी तीन बाबी.

शेवटी एवढं ठरलं. यादी मी करणार नाही. टीव्ही जाणार नाही, हे नवऱ्याला मी सांगणार. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी घेणार, पण आप्पांनी दिवस सांगितल्यावरच, त्यांना न विचारता नाही. नवऱ्याला मी जेवणाआधी सांगितलं. त्याने फोन काढला आणि तसाच परत खिशात ठेवला. मग आत जाऊन वडिलांच्या शेजारी बसला, आणि कंट्रोलर त्यांच्या हातात देऊन, आता तुम्ही खेळा म्हणाला.

त्याला तीन आठवडे झाले. संध्याकाळी सहाला मुलगी आली की सामना सुरू होतो. बॉल बॅटला लागला की हातातला कंट्रोलर थरथरतो, ते आप्पांना पुरतं. कधी फटका मारायचा ते ती सांगते.

“आजोबा, आला, आला, मारो.”

“मारा म्हण. मराठीत आउट झालो तरी चालेल.”

मी दारात उभी राहून रोज विचारते, आप्पा, कोणता दिवस लिहू? ते म्हणतात, ही ओव्हर होऊ दे. ओव्हर झाली की जेवायची वेळ होते. सोसायटीतल्या एकीने चांगल्या नेत्रतज्ज्ञांचा नंबर दिला आहे, तो वहीत उतरवून ठेवला आहे. पुढे तारखेची जागा रिकामी. फोन करायचा राहिला आहे.