वर दाट, खाली काड्या

आमच्या ह्यांनी सदतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. सरकारी मोजणीदार. गल्लीत त्यांना फूटपट्टी म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. राग येत नाही, उलट बरं वाटतं. एकदा पलंग भिंतीला समांतर नाही म्हणून मला भर तापात उठवलं होतं. ते असो.

शेजारचं घर धाकट्या भावोजींचं. दोन्ही घरांच्या मधे बावीस वर्षं काहीच नव्हतं, नुसतं अंगण. नवरे कामाला गेले की मी आणि माझी जाऊ तिथेच चहा घ्यायचो, एक दिवस तिच्या पायरीवर, एक दिवस माझ्या. दोघा भावांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचो आणि पोट धरून हसायचो. मला सख्खी बहीण नाही. तिच्यामुळे कधी उणीव भासली नाही.

मग हे रिटायर झाले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी! आठव्या दिवशी टेप घेऊन अंगणात उतरले आणि शोध लावला, की भावोजींची धुण्याची फरशी वीतभर आपल्या हद्दीत आहे. त्या दिवशी भावोजींकडे पाहुणे जमलेले. हे तडक तिथे जाऊन सगळ्यांसमोर बोलले. भावोजी हसले. म्हणाले, "दादा, रिटायर झालास ना? आता तरी माणसांत ये."

पाहुणेही हसले. झालं! ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भावाशी अबोला, आणि घरात फर्मान निघालं: मधे कुंपण घालायचं, ये-जा बंद. "तुझीसुद्धा."

"माझं काय भांडण आहे तिच्याशी?" मी म्हटलं.

"हद्द म्हणजे हद्द."

रोजची कटकट कोण ऐकणार? मी गप्प बसले. भिंत बांधायची तर शेजाऱ्याची सही लागते. ती मागायला जाणार कोण? म्हणून झाडं.

नर्सरीवाला बिचारा सज्जन माणूस. त्याने जास्वंद दाखवली. हे म्हणाले, "फुलं त्याच्या बाजूला आली तर?" बोगनवेल दाखवली. "ही उन्हाकडे झुकते, ऊन त्याच्या अंगाला. म्हणजे झाडसुद्धा फितूर." कण्हेर विषारी असते, आणि गोष्टी अजून तिथवर गेल्या नव्हत्या. शेवटी मेंदी ठरली. नर्सरीवाला म्हणाला, "रेषेपासून दीड फूट आत लावा साहेब, पलीकडूनही कापायला हात पोचला पाहिजे."

"दीड फूट त्याला बक्षीस देऊ?" असं म्हणून हे सारख्या उंचीची रोपं निवडायला गेले. टेप खिशातच होती.

तेवढ्यात नर्सरीवाला माझ्याकडे वळला. "बाई, साहेब ऐकणारे दिसत नाहीत, तुम्ही तरी लक्षात ठेवा. रोपं गुडघ्याला लागली की निम्मी छाटायची. परत वाढली की परत. हात धजावत नाही, पण सुरुवातीला कापली नाही तर मेंदी वर फुगते आणि खाली नुसत्या काड्या राहतात. आरपार दिसतं मग."

मी मान डोलावली, आणि घरी येऊन मूग गिळून बसले.

ह्यांनी दोरी ताणून, ओळंबा धरून, नऊ-नऊ इंचांवर रोपं लावली. एक अर्धा इंच सरकलं म्हणून उपटून पुन्हा लावलं. दर रविवारी पट्टी धरून उंची वहीत लिहायची. एकदा स्वतःच म्हणाले, "लोक कापतात म्हणे. एवढी वाढवायची आणि कापायची?"

"वेडेपणा नुसता," मी म्हटलं. इतकी गुणी बायको मी लग्नापासून पहिल्यांदाच झाले होते.

दोन वर्षांत मेंदी डोक्याच्या वर गेली. वर गर्द हिरवी, खाली काड्या. काड्या झाकायला मी बुडाशी कुंड्यांची रांग मांडली. शोभेला म्हणून सांगितलं. ह्यांनी दोन कुंड्यांमधलं अंतर तेवढं सारखं करून दिलं. गुडघे धरल्यामुळे ह्यांचं वाकणं बंद झालं होतं, ही देवाची कृपा. सकाळी दहाला हे वाचनालयात गेले, की मी बुटक्या स्टुलावर भाजी निवडायला बसायची आणि एक कुंडी सरकवायची. पलीकडे ती. काड्यांमधून चहाचा कप आरामात जायचा, बशीसकट.

एका सोमवारी कप आला नाही, तिचा हात आला. भावोजींच्या पायाची जखम चिघळली होती. साखरेचा आजार. दुसऱ्या दिवशी अंगठा कापायचा होता. मी तिचा हात धरून बसले.

"दादांना सांगा ना ताई," ती रडत म्हणाली. "हे रोज त्यांचंच विचारतात. दादाचे गुडघे कसे आहेत म्हणून."

"सांगते," मी म्हटलं.

नाही सांगितलं. भावाचं नाव निघालं की हे उठून जातात, म्हणून गल्लीतही कुणी त्यांच्यापाशी बोलत नाही. माझ्याकडून कळलं असतं तर पहिला प्रश्न, तुला कुणी सांगितलं? मग ती फट निवडुंगाने बुजली असती. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. घरी येऊ देत, मग सांगू. जाऊ रोज विचारायची, "दादा काय म्हणाले?" मी म्हणायची, "विचार करतायत." धडधडीत खोटं!

नवव्या दिवशी ती म्हणाली, "हे फाटकाकडे तोंड करून झोपतात. दादा येईल म्हणून."

कप मी तसाच काड्यांमधून परत सरकवला. हे घरी आल्याबरोबर सगळं सांगून टाकलं, फटीसकट.

हे उठले. बाहेर गेले, कुंडी सरकवली आणि इस्त्रीच्या शर्टात मातीत पालथे झाले. बराच वेळ पलीकडे बघत राहिले. मी निवडुंगाची वाट बघत उभी होते. उठायला हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

"तुला कधी कळलं?"

"कापायच्या आदल्या दिवशी."

त्यांनी मनात मोजलं. मोजण्यात ते चुकत नाहीत.

"नऊ दिवस," ते म्हणाले. "मी असाच आहे, गल्लीला माहीत आहे. तू कधीपासून?"

आणि तसेच, मातीने भरलेल्या शर्टात, फाटकातून भावाकडे गेले. "विचार कसला? मला तर आत्ता कळलं," असं म्हणताना त्यांचा आवाज मला अलीकडे स्पष्ट ऐकू आला. त्यानंतर जावेचा आवाज काही आला नाही.

आता दोघे भाऊ रोज तिच्या पायरीवर बसतात, फरशीच्या वीतभर जागेवरून वाद घालतात, हसतात. मेंदी ह्यांनी कमरेपर्यंत उतरवली. जाऊ मला रस्त्यात भेटली की "बऱ्या आहात ना?" एवढं विचारते, आणि मी बरी आहे म्हणते. दहा वाजता मी स्टुलावर बसते. ती मात्र भाजी आत, स्वयंपाकघरात निवडते.