सुमनवहिनींचं फ्रेंच जेवण

सुमनवहिनी आज पहाटे गेल्या.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नवऱ्याची चोरी पकडायला घरी फ्रेंच जेवण घातलं होतं. आणि त्यात मी त्यांना सामील होतो.

देवळाली प्रवरेच्या बाजूची साखर कारखान्याची कॉलनी. बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. मी तिथल्या शाळेत मराठीचा मास्तर, एकटा जीव. वर्गात कविता चालीवर म्हणायचो आणि पोरांपेक्षा मीच जास्त रंगायचो.

शेजारी कारखान्यातले केमिस्ट वसंतराव आणि सुमनवहिनी.

वसंतराव सहा महिने ट्रेनिंगला फ्रान्सला जाऊन आले. आले ते गप्प गप्प.
पाच मिनिटांत ताट उरकायचं आणि उठायचं. दुसरी भाकरी नको. भात नको.

एक दिवस त्यांचा कोट उन्हात टाकताना वहिनींना आतल्या खिशात कागद सापडला.
निळी शाई. परकी भाषा.

त्या तो घेऊन थेट माझ्याकडे.
"भाऊजी, तुम्ही मास्तर. हे वाचा."
"वहिनी, मला फ्रेंच कुठलं येतंय?"
"अक्षर तर बघा. असं वळण पुरुषाचं असतं का?"

नव्हतं.

कवितेच्या नादी लागलेला माणूस मी. त्या काळात मला किराणा मालाच्या यादीतसुद्धा विरह दिसायचा. त्या अक्षरांत मला नदी दिसली, पूल दिसला, पुलावर छत्री घेऊन उभी असलेली बाई दिसली. वहिनींनी माझा चेहरा वाचला असणार.

दुसऱ्या दिवशी एसटीने नगर गाठलं. कॉलेजच्या लायब्ररीत डिक्शनरी उघडून दुपारभर बसलो.

पहिला शब्द निघाला, कांदे.
मग लोणी. मग मंद आच.
तरी शेवटी एखादी ओळ असेलच म्हणून शब्द शब्द लावत खालपर्यंत गेलो.
शेवटी मीठ होतं.

कांद्याच्या सुपाची कृती होती ती.

मला वाटलं, वहिनींचा संशय फिटेल. उलट वाढला.
"एखादी बाई परक्या पुरुषाला कृती कधी लिहून देते, भाऊजी? तो तिच्याकडे जेवत असेल तेव्हाच ना?"



मग त्यांनी ठरवलं. फ्रेंच जेवण करू म्हणून चार माणसं बोलवायची आणि ह्यांना न सांगता नेमकं हेच सूप वाढायचं.
"पहिल्या चमच्याला तोंड बघायचं. तुम्ही पण नीट लक्ष ठेवा."

कृतीत मटणाचं पाणी होतं, तिथं तुरीच्या डाळीचं आलं. वाइनच्या जागी लिंबू. चीजचा डबा मी नगरहून आणला, मिलिटरी कँटीनमधल्या ओळखीने.

शनिवारी संध्याकाळी सातला आम्ही टेबलाशी बसलो. मी, ऑफिसातले दोन क्लार्क, आणि कॉलनीला लागून ज्यांचा ऊस होता ते अण्णा.

अण्णांनी आधी मेणबत्त्या पाहिल्या.
"लाइट तर हाय. मग ह्या कशापायी?"
"तिकडे पद्धत आहे, अण्णा."
"तिकडं लाइट न्हाई व्हय?"

मग वाडग्याचा वास घेतला.
"अंडं हाय का यात?"
"नाही."
"दारू?"
"नाही हो."
"मग हाय तरी काय?"
"कांदा," वहिनी म्हणाल्या.
"कांदा खायाला फ्रान्सला गेल्ता वसंतराव?"
आणि वाडगा सरकवून म्हणाले, "आमी घरनं भाकर खाऊनच आलोय. तुमी जेवा. आमी बघतो."

वसंतरावांनी चमचा बुडवला. वास आला आणि ते थांबले.
चेहरा उतरला. चमचा खाली ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
पकडला.

"सुमन, तू बस," वसंतराव म्हणाले.
"आधी पाहुण्यांचं होऊ दे."
"तू बसल्याशिवाय मी खाणार नाही."

आमच्याकडे तेव्हा घरची बाई पुरुषांच्या पंगतीला बसत नसे. अण्णा छताकडे बघू लागले. मी माझं स्टूल पुढे केलं. वहिनी कडेला टेकल्या, हातात पळी तशीच.

"तिकडे ज्या घरात जेवायचो," वसंतराव म्हणाले, "तिथं रांधणारी बसल्याशिवाय कुणी घास घेत नसे. इथं आलो, तर तू उभी. माझं झाल्याशिवाय तू जेवायची नाहीस. म्हणून भराभर उरकतो."

वहिनींनी कमरेचा कागद काढून टेबलावर ठेवला.
"हे कुणी लिहून दिलं?"
"घरमालकिणीने. मीच मागितलं, तुझ्यासाठी."
"मग दिलं का नाही?"
"तुला वाटलं असतं, तुझ्या हातचं आवडेनासं झालं."
"वय काय तिचं?"
"असेल सत्तर."
"असेल?"
"मी विचारलं नाही."

"इचारायचं की," अण्णा म्हणाले. "घरी इचारनार हायेत, हे ठावं पायजे मानसाला."

क्लार्क हसले. वहिनी हसल्या नाहीत.
नवऱ्याच्याच वाडग्यातला एक चमचा तोंडात घातला.

"मीठ कमी आहे."

तेव्हा वसंतराव जेवायला लागले. सावकाश. दोनदा मागून घेतलं.
अण्णांनीही वाडगा पुढे ओढला. "येवढं रामायन झालंय, तर चव तरी बघू."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात दोन ताटं एका वेळी मांडली गेली. कॉलनीत वर्षभर त्याची चर्चा होती. वहिनींनी लक्ष दिलं नाही.

वसंतराव गेल्यावर एकदा नगरमध्ये सावेडीला वहिनींना त्यांच्या मुलाच्या फ्लॅटवर भेटायला गेलो होतो, तेव्हा धीर करून विचारलं.
"वहिनी, त्या दिवशी तुम्हाला खरंच पटलं होतं?"
"अर्धं."
"आणि उरलेलं?"
"रोज समोर बसून जेवायचे ना. बघत होते मी. दहाएक वर्षं लागली."

सुमनवहिनींना भरल्या मनाने निरोप.
या, वहिनी.