दक्षिणेला तोंड

उपग्रह दोन देशांनी मिळून बनवला आणि त्याला चुकवलं माझ्या सासऱ्यांनी, आबांनी. सणसरच्या रानात, भरदिवसा, साध्या पान्यानं.

आमच्या टोमॅटोच्या प्लॉटशेजारी दोन बायकांनी ॲल्युमिनियमचे तीन पत्रे कोपऱ्यासारखे जोडून उभे केले होते. एक आपल्याकडची मॅडम, दुसरी त्या दुसऱ्या देशाची. उपग्रह वरून जाताना लहर सोडतो, हे पत्रे ती त्याला माघारी धाडतात, मग त्याच्या फोटोत आमच्या रानाचा पांढरा ठिपका उमटतो. ठिपका जागेवर दिसला की उपग्रहाची नजर बरोबर. "फक्त हे हलवायचं नाही," मॅडम म्हणाल्या. सांभाळायची सही मी केली. अख्ख्या गावात हा मान एकट्या आम्हाला! मी तर तोरा मिरवत फिरत होते.

खंडेनवमीला आबांनी ट्रॅक्टर धुतला. मोटर, फवारणीचा पंप, विळे, खुरपी, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं आणि उरलेली माळ घेऊन पत्र्यांकडं गेले. मी घरकामात. दसऱ्याला सकाळी उपग्रह गेला आणि दुपारी मॅडमचा फोन आला : तुमचा ठिपकाच नाही.

धावत जाऊन बघते तर काय! झेंडूची माळ, कुंकवाची बोटं, आणि अख्खं यंत्र उगवतीला वळवलेलं.

"आबा, हे काय करून ठेवलंत?"

"दक्षिणेला तोंड व्हतं त्याचं. तसं ठिवून पूजा करत्यात व्हय?"

सणासुदीचं मी त्यांना नको नको ते बोलले. ते बांधावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. "आता हे दुसऱ्या गावात हलवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. मी रडायच्याच बेतात होते. परदेशी बाई मात्र त्या माळेकडंच बघत होती. तिनं मॅडमना विचारायला लावलं, का फिरवलं?

आबांनी टोपी काढली. "ताई, ती यमाची दिशा. माजी कारभारीण ह्याच रानात मोटर चालू करताना गेली. आन् ही परमुलखाची पोर आईबाप सोडून एवढ्या लांबनं आली. हिच्या वस्तूचं तोंड तिकडं कसं ठिवू?"

सासूबाईंना शॉक लागला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. त्याबद्दल आबा घरात कधी अवाक्षर बोलले नव्हते. कालचं माझं बोलणं आठवलं आणि मला माझीच लाज वाटली.

मॅडमनी सगळं इंग्रजीत सांगितलं. परदेशी बाई आबांशेजारी बांधावर बसली, बोट वर करून काहीतरी बोलली. मॅडम म्हणाल्या, "आबा, ती म्हणते, याचं तोंड दक्षिणेला नाही, वर आहे. वर आम्हा दोघींच्या देशांचा उपग्रह आहे, ते त्याच्याकडं बघतंय."

आबांनी वर बघितलं, टोपी डोक्यावर ठेवली. मग मला म्हणाले, "पाना आण."

दोघी होकायंत्र धरून दिशा सांगत होत्या आणि नट आबा आवळत होते. यंत्र आमच्याच रानात राहिलं.

पुढच्या फेरीला ठिपका उमटला. परदेशी बाई तोवर घरी गेली होती. तिनं तिथून फोटो पाठवला. काळ्या रानात एकच पांढरा ठिपका. आबांनी तो भिगवणला छापून आणला आणि देवघरात सासूबाईंच्या तसबिरीजवळ ठेवला, तोंड पूर्वेला करून.

"ह्याला तरी आता कुणी फिरवू नगा," म्हणाले.